रिकामा परत आलेला वाडगा

दुपारी चारच्या सुमारास लंडनहून आलेले विमान घानातल्या अक्राच्या धावपट्टीवर उतरले. प्रवासी निघून गेले. ट्रॉलीच्या खालच्या खणातून एन्योनाम नावाच्या हवाई सेविकेने मला बाहेर काढले, उजेडात धरले, माझ्याबरोबरचा काटा-चमचा पाहिला आणि ती खणात माझे झाकण शोधू लागली.

मित्रांनो, मी चिनी मातीचा एक जुना, पांढरा, पसरट वाडगा आहे. आज माझ्यात कोंबडीचा रस्सा होता आणि तो नासलेला होता. तो विमानात कोणी खाल्ला नाही. तो एका म्हातारीच्या पिशवीत आहे आणि ती म्हातारी आपल्या नातवंडांकडे निघाली आहे. मला भीती वाटते आहे. वाडग्याला कसली भीती, असे तुम्ही म्हणाल. पण ज्याच्यातून लोक विश्वासाने घास उचलतात, त्याला भीती वाटणारच.

माझा जन्म दूरदेशीच्या एका भट्टीत झाला. माझ्यासारख्या शेकडो भावंडांबरोबर गवतात गुंडाळून मला अक्राच्या विमानतळाजवळच्या मोठ्या स्वयंपाकघरात आणले गेले. आम्हाला मधल्या वर्गासाठी निवडले होते. पुढे झोपून जाणारे श्रीमंत आणि मागे गुडघे दुमडून बसणारी बाकीची माणसे, या दोघांच्या मध्ये पडद्याआड थोड्या रुंद खुर्च्या असतात. त्याला प्रीमियम इकॉनॉमी म्हणतात. तिथे बसणारी माणसे बहुधा वर्षभर पैसे साठवून बसतात, किंवा त्यांच्या मुलांनी हौसेने तिकीट काढलेले असते. म्हणूनच जेवणाची वाट सगळ्यांत जास्त तीच बघतात.

स्वयंपाकघरात आंटी देदेई होती. जाडजूड बाई, आवाज मोठा, हात हलका. शेंगदाण्याच्या रश्श्यात शिजवलेली रानकोंबडी ती माझ्यात वाढायची, बाजूला तळलेली पिकली केळी, आणि कोपऱ्यात चमचाभर शितो, म्हणजे सुकी मासळी आणि मिरचीची काळी चटणी. वाढून झाले की माझा काठ फडक्याने पुसायची आणि हाताखालच्या मुलींना दटावायची, "काठावर डाग म्हणजे लग्नाला जाताना नाकाला शेंबूड. पूस आधी!"

ते माझे सोन्याचे दिवस होते. आकाशात माझे झाकण उघडले की तीन-तीन रांगांपर्यंत वास जायचा. पडद्यामागून एखादे पोर डोकावायचे. एकदा एका पाद्रीबाबांनी मला बोटाने पुसून चाटले आणि मग इकडेतिकडे पाहून घेतले. विमानातून परत येताना मी इतका स्वच्छ असायचो की धुणाऱ्या बायका म्हणायच्या, "याला काय धुवायचं? याला नुसती आंघोळ घालायची."

मग एकेक गोष्ट जाऊ लागली. आधी चीज गेले. ते कोणाच्या लक्षातही आले नाही. मग कापडी रुमाल गेला. गोड पदार्थाच्या जागी कागदात गुंडाळलेले बिस्कीट आले. भाडे मात्र दरवर्षी वाढतच होते. एके दिवशी वरून हुकूम आला की मधल्या वर्गाचा वेगळा स्वयंपाक बंद. मागच्या लोकांसाठी मोठ्या कढईत जे शिजते, तेच आमच्यात घालायचे. फक्त मागच्यांना पातळ पत्र्याच्या डब्यात आणि इथे चिनी मातीच्या वाडग्यात.

आंटी देदेईने मला हातात घेऊन फिरवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वाडगा ठेवला आणि जेवण नेलं. म्हणजे मढ्याला नवा सदरा." त्या महिन्यात तिला घरी बसवण्यात आले. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. मला काढून टाकले नव्हते, हेच भीतीचे कारण होते. मी आता सजावट झालो होतो. मला बघून लोकांना वाटावे की सगळे पूर्वीसारखेच आहे.

शेवटचा बदल सगळ्यांत वाईट होता. पूर्वी परतीचे जेवण लंडनला बनवून चढवत. ते महाग पडते म्हणून परतीचे वाडगेही अक्रातच भरू लागले. जाताना भरलेल्या वाडग्यांनी सगळा प्रवास करायचा, तिकडे विमानतळावर उभे राहायचे आणि येताना गरम होऊन लोकांसमोर जायचे. ट्रॉलीत कोरडा बर्फ, म्हणजे ड्राय आइस, ठेवलेला असला की हे चालते. पण पुढे बर्फाच्या लाद्याही कमी झाल्या. विमान वेळेवर निघाले तर बर्फ कसाबसा पुरायचा.

आज विमान वेळेवर निघाले नाही. लंडनला पंखाजवळ काहीतरी दुरुस्ती निघाली आणि सकाळचे दोन-तीन तास ते उन्हात उभे राहिले. बर्फाचा धूर होऊन गेला. माझ्या चंदेरी फॉइलच्या झाकणाला आतून घाम सुटला. मित्रांनो, रस्सा आंबू लागतो तेव्हा आधी आवाज येतो. बारीक बुडबुड्याचा. तो माणसांना ऐकू येत नाही. मला आला.

पहिल्या खेपेला विमानातल्या अन्न गरम करायच्या भट्टीत गेलेल्या वाडग्यांत मी होतो. गरम होऊन मी अफ्राकोमा नावाच्या आजीसमोर आलो. मुलीच्या बाळंतपणासाठी ती लंडनला गेली होती. तिचे गुडघे दुखतात म्हणून जावयाने मधल्या वर्गाचे तिकीट काढले होते. चढल्यापासून तिने एन्योनामला सगळे सांगून टाकले होते. अक्राबाहेर न्सावाम गावी मोठ्या मुलाकडे चार वर्षांची जुळी नातवंडे आहेत, पान्यिन आणि काक्रा, आणि आजी येताना काय आणते म्हणून ती दारात बसून असतील.

झाकण उघडून आजीने रिवाजाप्रमाणे शेजाऱ्याला बोलावले. आमच्याकडे कोणी एकट्याने घास घेत नाही.

"ये रे बाबा, बस माझ्याबरोबर."

शेजारी क्वार्टे नावाचा कपड्यांचा व्यापारी होता. त्याने आपला वाडगा वर करून दाखवला. "आजी, माझ्याकडेही हेच आहे. आणि एवढंच आहे."

"एवढंच? मग तू मला बोलावू नकोस आणि मी तुला नाही. दोघांची अब्रू राहील."

दोघे हसले. मग आजीने माझ्यात नीट पाहिले. लंडनच्या गारठ्याने तिचे नाक चोंदलेले होते. तिला वास आला नाही. तिला दिसले ते इतकेच, की कोंबडीचे दोन तुकडे आहेत आणि घरी दोन नातवंडे आहेत.

"मी म्हातारी काय खायची," ती पुटपुटली. "पोरांनी विमानातलं कधी खाल्लंय?"

तिने पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली, माझ्यातले सगळे तिच्यात ओतले, वरून माझेच चंदेरी झाकण गुंडाळले, घट्ट गाठ मारली आणि गाठोडे पायांशी ठेवले. माझ्या अंगातून आवाज फुटला असता तर मी ओरडलो असतो. पण वाडग्याला तोंड असते ते फक्त भरून घेण्यापुरते.

त्याच वेळी पडद्यामागे एन्योनामने दुसऱ्या खेपेचे वाडगे भट्टीत लावायला घेतले. तिच्या बोटांना ते कोमट लागले. तिने एक झाकण उचलले आणि तोंड फिरवले. मग ती पर्सर ओफोसूंकडे गेली. विमानातल्या सगळ्या सेवकवर्गाचे ते प्रमुख.

"सर, हे वाढायचं नाही. आंबलंय."

"चांगलं कडक गरम कर. जंतू मरतात."

"जंतू मरतात, त्यांनी सोडलेलं विष मरत नाही. मला शिकवलंय. तुम्हालाही शिकवलंय."

ओफोसूंनी वास घेतला आणि डोळे मिटले. "अगं, दोन रांगांना वाढून झालंय ना?"

"म्हणूनच म्हणते, आत्ता परत घेऊ या. माईकवर सांगा."

"माईकवर? अन्न खराब आहे म्हणून? उद्या पेपरात येईल, परवा तू आणि मी फूटपाथवर केळी विकू." त्यांनी फटीतून पडद्यापलीकडे पाहिले. "परत घे. पण खराब म्हणू नकोस. सेवेत बदल आहे म्हण."

एन्योनामने ते ऐकले. मित्रांनो, ती वाईट मुलगी नाही. तिच्या पगारावर तिची आई आणि धाकटी बहीण जगतात. ती हसरा चेहरा करून गेली आणि म्हणाली, "माफ करा, जेवणाच्या सेवेत थोडा बदल आहे. वाडगे परत घेतोय. पाव आणि शेंगदाणे देते."

मधला वर्ग पेटून उठला.

"तोंडातला घास काढता?" क्वार्टे ओरडला. "आधी चीज नेलं, मग गोड नेलं, आता कोंबडी! पुढच्या वेळी खुर्ची नेणार का? उभ्याने येऊ?"

"पुढच्या श्रीमंतांना कमी पडलं असेल," मागून कोणीतरी म्हणाले. "तिकडे द्यायला नेतायत."

कोणाला संशयही आला नाही की तिच्या मनात काही चांगले असेल. इतकी वर्षे एकेक वस्तू काढून नेणाऱ्यांनी हीही काढून नेली, एवढेच त्यांना कळले. तरी त्यांनी वाडगे दिले. बहुतेकांनी अजून घास घेतला नव्हता. एक-दोघांनी चाखून बाजूला सारले होते.

आजीने पायाने गाठोडे खुर्चीखाली सरकवले. "दिलेलं परत मागतात," ती क्वार्टेच्या कानात म्हणाली. "आमच्या गावात भिकाऱ्याला दिलेलंही कोणी परत मागत नाही."

एन्योनाम तिच्यापाशी आली आणि मला पाहून तिच्या चेहऱ्यावरचे हसू उतरले.

"आजी, संपवलंत? एवढ्यात?"

"भूक होती, बाळ." आजी खिडकीबाहेर बघू लागली.

उरलेल्या सगळ्या वाटेत एन्योनाम पुन्हा पुन्हा आजीकडे येत राहिली. ट्रॉली पडद्याशीच उभी होती, मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. पोटात दुखतंय का? मळमळतंय का? हे साखर-मिठाचं पाणी घ्या. आजी ओशाळून म्हणे, "अगं, मी ठणठणीत आहे. तू किती करतेस!" एकदा आजीने तोंड उघडले आणि मिटले. मला वाटते, ती तेव्हा सांगणार होती. पण ज्या अन्नावरून एवढा गोंधळ झाला ते आपण लपवले आहे, हे वयस्कर माणसाला कसे कबूल करवेल? उतरताना तिने एन्योनामच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातात गाठोडे घेऊन ती गेली.

त्यानंतर एन्योनामने मला बाहेर काढले. माझ्याबरोबरचा काटा-चमचा कागदाच्या पाकिटात तसाच बंद होता. रश्श्याचा ओघळ एकाच कोपऱ्यावरून खाली आला होता, ओतल्यासारखा. झाकण कुठेच नव्हते.

"सर, तिने खाल्लंच नाही," ती खण चाचपतच म्हणाली.

ओफोसूंनी सुस्कारा सोडला. "देवा, सुटलो."

"सर, ती घेऊन गेलीये. घरी जुळी आहेत. चार वर्षांची."

ओफोसूंचा चेहरा राखेसारखा झाला. ते वळले आणि प्रवाशांचे फोन नंबर मिळवायला कचेरीच्या दिशेने धावत सुटले. मी त्यांना कधी धावताना पाहिले नव्हते.

एन्योनामने मला न धुता रुमालात गुंडाळून पिशवीत टाकले. डॉक्टरांना तपासायला काहीतरी हवे, असे ती स्वतःशीच म्हणत होती. बूट हातात घेऊन ती बाहेरच्या गर्दीपर्यंत पळाली. एका हमालाने सांगितले, "गुडघेदुखीवाली आजी ना? पुतण्या आला होता घ्यायला. गेली मघाशीच."

आता आम्ही न्सावामच्या वाटेवर टॅक्सीत आहोत. अचिमोताच्या पुढे रस्ता गाड्यांनी भरला आहे. पाण्याच्या पिशव्या विकणाऱ्या बायका आमच्यापेक्षा वेगाने पुढे जात आहेत.

"भाऊ, जरा काढा ना गाडी!" एन्योनाम म्हणते.

"ताई, टॅक्सी आहे ही. तुमच्यासारखे पंख असते तर इथे थांबलो असतो?"

मी तिच्या मांडीवरच्या पिशवीत आहे. मित्रांनो, मी माझी निगा राखा असे मागत नाही. मी फुटलो तर दुसरा वाडगा येईल. माझे मागणे इतकेच आहे की माझ्यात जे वाढाल ते लाज न वाटता वाढा, आणि कधी बिघडलेच तर "बिघडले" हा शब्द उच्चारा. आज तो एक शब्द कोणी उच्चारला असता, तर आजीने स्वतःच्या हाताने ते गाठोडे कचऱ्यात टाकले असते.

ओफोसूंचा फोन आला. कचेरीत आजीच्या नावापुढे लंडनच्या जावयाचा नंबर होता. जावई कामावर होता, बऱ्याच वेळाने सापडला. त्याच्याकडून न्सावामच्या घरचा नंबर मिळाला. एन्योनामने तो लावला. दोनदा नुसताच वाजला. तिसऱ्यांदा कोणीतरी उचलला आणि श्वास ऐकू आला, लहान मुलाचा.

"बाळा, आजी आहे का घरी? आजीला दे फोन, लवकर."

"आजी आली!" पलीकडून आवाज आला. "आजी ताटलीत काढतेय. आम्ही हात धुतोय."

"बाळा, ऐक, खाऊ नका, ते खाऊ—"

फोन कट झाला. एन्योनाम पुन्हा नंबर लावते आहे. घंटी वाजते आहे. अजून कोणी उचललेला नाही.