डावा खांदा

"कुठला खांदा दुखतोय म्हणालात?" डॉक्टर तेजस्विनींनी विचारलं.

"डावा," दीनानाथ म्हणाले. चार दिवस बायकोच्या त्या खांद्याला ते सकाळ-संध्याकाळ बाम चोळत होते. पोस्टातल्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतक्या निष्ठेने दुसरं काही केल्याचं कोणाला आठवत नाही.

डॉक्टरांनी पडदा ओढून घेतला. उल्काबाई तापाने फणफणल्या होत्या, धापा टाकत होत्या. डाव्या स्तनाखाली हळदीने माखलेली पट्टी निघाली. पट्टीखाली काळीनिळी कातडी. आणि वास.

"हा खांदा?"

"बारीकसा फोड होता हो," उल्काबाई पुटपुटल्या. "यांना काय सांगायचं त्यातलं? शुगर आहे मला, बरं व्हायला वेळ लागतो. म्हटलं, बसेल."

बिबवेवाडीत तीस वर्षं त्या ब्लाउज शिवत होत्या. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप समोरच्या वाण्यालाही पाठ व्हावं, अशा आवाजात सांगत. स्वतःचं शरीर मात्र त्यांच्या हिशेबी गळ्याशी संपायचं आणि कमरेशी पुन्हा सुरू व्हायचं.

डॉक्टर बाहेर आल्या. "आतलं मांस सडतंय, आजोबा. तासातासाला पसरतंय. आत्ताच कापून काढावं लागेल, बहुतेक पूर्ण स्तन. तरी वाचतीलच, असं मी म्हणणार नाही."

दीनानाथांनी सही केली. मग काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारलं, "खांदा राहील ना?"

डॉक्टरांनी सहीचा कागद घेतला. "राहील."

तीन दिवसांत तीनदा कापलं. चौथ्या दिवशी ताप तसाच होता. सिस्टर अस्मिता ड्रेसिंगचा ट्रे घेऊन आल्या. "आजोबा, जरा बाहेर थांबा."

दीनानाथ आधीच दारापाशी पोचले होते. बायको साडी बदलायला लागली की पेपर घेऊन गॅलरीत जायचं, हा त्यांचा अडतीस वर्षांचा शिरस्ता.

"अहो," पलंगावरून आवाज आला. "थांबा."

"सिस्टर म्हणतायत..."

"म्हणू देत. बघून घ्या एकदा. चार दिवस भलतीकडेच चोळत बसलात."

सिस्टरनी गॉज उचलला. गळ्याच्या हाडापासून बरगडीपर्यंत उघडं, लाल मांस. दीनानाथांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली, पण मान वळवली नाही.

"कुठे दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"हात नका लावू हं," सिस्टर म्हणाल्या.

उल्काबाईंनी त्यांचं बोट धरलं आणि आता जिथे काहीच नव्हतं, त्या जागेच्या वीतभर वर, हवेत नेऊन थांबवलं.

"इथे."