वहीत नसलेली मनकर्णा

गौहरबींनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला, पदराने दोनदा पुसला आणि पुन्हा डोळ्यांजवळ नेला. समोर खुर्चीच्या कडेवर स्नेहल पर्स मांडीत घेऊन बसली होती. जामखेडच्या स्टँडवरून चार ठिकाणी पत्ता विचारत ती चालत आली होती.

"मनकर्णाच हाय," गौहरबी म्हणाल्या. "तुमी कोन तिच्या?"

"माझ्या आजोबांची चुलत बहीण ती. मी कधी पाहिलेलं नाही."

पाहिलं नव्हतं, पण नाव लहानपणापासून कानावर होतं. स्नेहल उलट बोलली, उशिरा घरी आली की आई म्हणायची, "मनकर्णेवर गेलीस." घरात सांगत ते एवढंच: मनकर्णा सासर सोडून जत्रेतल्या मोटारसायकलवाल्याबरोबर पळून गेली, आणि पुढे मौत का कुआँमध्ये स्वतः गाडी चालवू लागली. लाकडी फळ्यांच्या त्या खोल गोलात, उभ्या भिंतीवर, हात सोडून.

चार महिन्यांपूर्वी स्नेहल नवऱ्याचं घर सोडून नगरला भावाकडे आली, तेव्हा आईने तेच वाक्य पुन्हा ऐकवलं. या वेळी ते डोक्यातून जाईना. दिवसभर नागापूरच्या कंपनीत पॅकिंग, आल्यावर भावाच्या घरचा स्वयंपाक. उरलेले रविवार तिने मनकर्णेच्या शोधात घालवले. गावात येणाऱ्या भाटाच्या वहीत घराण्याच्या अकरा पिढ्या सापडल्या, मुलगी एकही नाही. शाळेच्या जुन्या रजिस्टरात एक ओळ मिळाली: चौथीतून नाव कमी, कारण लग्न. शेवटी नेवाशाच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडे हा फोटो निघाला. पँट घातलेली बाई, मोटारसायकल, आणि मागच्या पाटीवर 'नूरमहंमद, जामखेड'. त्यावरून आज ती कंपनी बुडवून इथे आली होती.

नूरमहंमद म्हणजे गौहरबींचे यजमान, त्या खेळाचे मालक. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती.

स्नेहलने पर्सची चेन उघडली, लावली. मग विचारलं, "घरी सांगतात, ती तुमच्या यजमानांबरोबर पळून आली."

गौहरबींचे खांदे हलले. हसल्या की काय ते कळलं नाही.

"पळून? चालत आली हुती. मी तंबूमागं भाकरी टाकत हुते. पायात चप्पल न्हाई, पाठीवर वळ. बसली, जेवली, उठून भांडी घासाया लागली. मग गेलीच न्हाई. माझी लेकरं तिच्याच अंगाखांद्यावर वाढली."

"आणि गाडी?"

"आमच्या गाडीवाल्याचा पाय मोडला. म्हनली, मी शिकते. अकरा वर्सं चालवली. लोक वरून बघायचे, टाळ्या पिटायचे."

स्नेहल पुढे सरकली. "भीती नसेल वाटत तिला."

"कुनी सांगितलं? दर खेळाच्या आधी उलटी करायची. मी पाठ चोळायची. मग चूळ भरायची न् जायची गाडीवर."

स्नेहलने फोटो परत घेतला. फोटोतली बाई हनुवटी वर करून उभी होती. फोटो मिळाल्यापासूनचे दिवस स्नेहलने त्या हनुवटीच्याच बळावर काढले होते.

"मग सोडलं का नाही तिने?"

"मीबी इचारलं. म्हनली, गौहर, तिकडचं भ्या रातंदिस सरत नव्हतं. हितलं धा मिन्टात सरतंय."

पर्समध्ये फोन थरथरला. भाऊ होता, पार्थ.

"कुठंयस तू? कंपनीत नाहीस म्हणे."

"जामखेडला."

"जामखेडला? पाच वाजता दाजींकडची माणसं येणारेत, माहितीय ना? वहिनीनं तुझी बॅगही भरून ठेवलीय."

"हो," ती म्हणाली. फोन ठेवून तिने घड्याळ पाहिलं. अडीचची बस मिळाली तरच पाचपर्यंत पोहोचता येणार होतं. ती उठली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"घरी कुनी वाट बघतंय का?" गौहरबींनी विचारलं.

"बैठक आहे. मला परत पाठवायची."

हे तिने कुणाला असं सरळ सांगितलं नव्हतं. गौहरबी उठल्या. कॉटवरचे वाळलेले कपडे गोळा करून त्यांनी उशी झटकली.

"पड जरा, बाळ. उभ्यानं झोपायला लागलीस."

"बस चुकेल, आजी."

"चुकंल की."

स्नेहल कॉटच्या कडेवर बसली. तळहातांचा घाम ओढणीला पुसून तिने फोन लावला.

"पार्थ, मी आज येत नाहीये. त्यांना सांग, मी परत जाणार नाही."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. आईचाही आवाज आला. स्नेहलने सगळं ऐकून घेतलं, फोन बंद केला आणि आडवी झाली. ओठ कोरडे पडले होते. पाणी मागावं असं वाटेपर्यंत तिचा डोळा लागला.

गौहरबींनी खिडकी लोटली, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेल्या आणि परातीत दोघींपुरतं पीठ घेतलं.