पांढऱ्या पापुद्र्यांची खिडकी

शनिवारी सकाळी बरोबर सात वाजून चाळीस मिनिटांनी शेल्बीने मला हात लावला, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला.

मी एक जुनी लाकडी खिडकी बोलतेय. सहा काचांची, पांढऱ्या रंगाची. तो रंग आता जागोजागी सुटलाय, त्याचे पापुद्रे निघतात. सगळी गोष्ट त्या पापुद्र्यांचीच आहे.

अमेरिकेतल्या आमच्या आयोवात उन्हाळा संपत आला की लोक घरातलं नको झालेलं सामान अंगणात मांडून विकतात. व्हर्नाआजींनीही मांडलं होतं आणि मला गॅरेजच्या दाराला टेकवलं होतं. शेल्बी कॉलेजात शिकणारी, वीस वर्षांची पोर. कडेवर तिचा मुलगा ओटिस, नुकताच पहिला वाढदिवस झालेला. बरोबर मैत्रीण डार्सी. दोघींनी मिळून कॉलेजजवळ भाड्याने घर घेतलं होतं. शेल्बीच्या वाट्याला एकच खोली आली होती. तिचा अभ्यास, झोप आणि लेकरू, सगळं तिथेच.

"शेल्बी, ही बघ!" डार्सी ओरडली. "दुकानात असल्या खिडक्या मुद्दाम खरवडून जुन्या करून विकतात. ही तर खरीच जुनी आहे!"

"खिडकी घेऊन काय करू? घराला आहेत की."

"अगं, शोभेला! तुझी खोली नुसती दवाखान्यासारखी दिसते."

"आजी, केवढ्याला?"

"तीन डॉलर दे आणि ने बाई. हे गेले तेव्हापासून कोठारात जागा अडवून बसलीय."

मला ओरडावंसं वाटत होतं, नेऊ नका मला! पण खिडकीला कुठली जीभ?

का, ते सांगते. माझ्या रंगात शिसं आहे. पूर्वी घालायचे. त्याने रंग उन्हापावसात टिकायचा, आणि मीही दिमाखात उभी असायचे. मी पहिल्यांदा ज्या घरात होते, तिथे हार्लन नावाचा मुलगा होता. बाप येईपर्यंत तो माझ्यापाशी उभा राहायचा आणि माझी कड चाटायचा. हा रंग गोडसर लागतो ना. पुढे त्याचं पोट दुखायला लागलं. शाळेतलं काही डोक्यात राहीना. आई त्याला मारायची, म्हणायची, "लक्ष कुठे असतं रे तुझं?" तिला बिचारीला काय ठाऊक! शिशाचं विष पोटात जातंय हे मलाही ठाऊक नव्हतं.

पुष्कळ वर्षांनी ते घर व्हर्नाआजींच्या नवऱ्याने घेतलं आणि मला काढायला माणसं बोलावली. ती तोंडाला फडकी बांधून आली. त्यातला एक म्हणाला, "काका, हिच्या रंगात शिसं आहे. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बाहेर द्या. लहान पोरांच्या आसपास नको." काका "बरं, बरं" म्हणाले. पण चांगलं लाकूड त्यांना फेकवेना. त्यांनी मला त्या घरातल्या बाकीच्या खिडक्यांसकट कोठारात सरकवलं आणि आजींना काही सांगितलंच नाही. त्यांच्याबरोबर ती गोष्टही गेली.

शेल्बीच्या घरमालकाने भिंतीला खिळा मारायला मनाई केली होती. म्हणून डार्सीने दुधाच्या बाटल्यांचे रिकामे क्रेट उलटे मांडले, त्यावर मला उभं केलं, अगदी ओटिसच्या खाटेशेजारी. मग पॉलिशपेपर घेतला.

"आता गं काय करतेस?" शेल्बीने विचारलं.

"अजून थोडी जुनी दिसू दे."

ती खसाखसा घासायला लागली. माझी पांढरी भुकटी उडाली, सतरंजीवर बसली, ओटिसच्या पांघरुणावर बसली. तिने कोरड्या फडक्याने झटकली, म्हणजे आणखी पसरवली. नंतर माझ्या काचांवर फोटो लागले, वरून दिव्यांची माळ आली, जुन्या चादरीचा पडदा झाला. खोटं कशाला बोलू, खोली फार सुंदर दिसायला लागली. शेल्बीचे डोळे भरून आले. ओटिसला उचलून ती म्हणाली, "ओट्या, बघ रे, आपलं घर!"

दुसऱ्याच दिवशी ओटिस क्रेटला धरून माझ्यापाशी उभा राहिला. त्याने एक पापुद्रा नखाने उचकटला. तो ओल्या बोटाला चिकटला, आणि बोट तोंडात गेलं.

शेल्बी हाताच्या अंतरावर होती. पाठ माझ्याकडे, डोकं पुस्तकात. मी अंग आवळून धरायचा प्रयत्न करत होते, पण लाकूड ते, काय आवळणार! दार आपटलं की आणखी चार पापुद्रे खाली पडायचे.

"गप्प आहेस म्हणजे काहीतरी उद्योग चाललाय," म्हणत ती वळली. तोवर बोट रिकामं झालं होतं. हनुवटीला पांढरं लागलेलं तिने बाहीने पुसलं. "दूध सांडलंस वाटतं, वेंधळ्या!"

असं रोज चाललं. मग ओटिस आवडती मॅकरोनीसुद्धा ढकलून द्यायला लागला. दिवसभर किरकिर करायचा. "दात येत असतील," शेल्बी म्हणायची. डार्सीही तेच म्हणायची. वर्षाच्या मुलांना तपासायला नेतात तसं त्याला नेलं, तिथे बोटाला टोचून रक्त घेतलं.

दवाखान्याचा फोन आला तेव्हा ती त्याला केळं भरवत होती. ऐकता ऐकता ती खालीच बसली.

"म्हणजे काय? नाही हो, तो भलतंसलतं काही खात नाही. माझं लक्ष असतं."

"काय झालं गं?" डार्सी दारात आली.

"त्याच्या रक्तात शिसं सापडलंय."

"शिसं? आपण काय बंदुकीच्या गोळ्या खातो का?" डार्सी हसायला गेली, आणि शेल्बीचं तोंड बघून थांबली.

आरोग्य खात्याच्या इनेझबाई घर तपासायला आल्या. नळाचं पाणी घेतलं, दारं बघितली. घराच्या खिडक्या नव्या, प्लॅस्टिकच्या. कशात काही नाही. मग त्या खोलीत आल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "किती छान सजवलीय गं! माझी पोर वेडी होईल बघून." आणि त्यांनी पिशवीची चेन ओढायला घेतली.

माझ्या काचा आतल्या आत थरथरत होत्या. बाई, जाऊ नका! एकदा नीट बघा मला!

ओटिस शेल्बीच्या मांडीवर चुळबुळ करत होता. तिने त्याला खाली सोडलं. तो तुरुतुरु आला, क्रेटला धरून उभा राहिला आणि सवयीने माझ्या फटीत नख घातलं.

इनेझबाईंचा हात चेनवरच थांबला. "हे रोज करतो का तो?"

बाईंनी शिसं असलं की लाल होणारी एक छोटी कांडी काढून माझ्या कडेला घासली. तिचं टोक बघता बघता लालभडक झालं. शेल्बीने झडप घालून ओटिसला उचललं, त्याचं तोंड उघडून आतून बोट फिरवलं. तो भोकाड पसरून रडायला लागला.

"मीच आणायला लावली गं," डार्सी हुंदके देत म्हणाली. "मीच घासली."

"रडू नकोस आता. ओलं फडकं आण. कोरडं नको, ओलं! कोरड्याने भुकटी उडते," इनेझबाई तिला म्हणाल्या.

"रक्तातल्या शिशाचा आकडा फार वर गेलेला नाही," त्या शेल्बीकडे वळून म्हणाल्या. "सारखे हात धुवा, पोटभर खायला घाला. महिन्याने पुन्हा रक्त बघू. पण ही मिळाली कुठे? अशा आणखी होत्या का?"

शेल्बीने तिथल्या तिथे व्हर्नाआजींना फोन लावला.

"पाच होत्या की! दुपारपर्यंत सगळ्या गेल्या. अगं, का?" शेल्बीने सांगितलं तशा आजी बारीक आवाजात म्हणाल्या, "नेणाऱ्यांतली एक तर पोटुशी होती गं. येणाऱ्या बाळाची खोली सजवायचीय म्हणाली."

"नाव काय तिचं?"

"अंगणात आलेल्या माणसाला नाव कोण विचारतं, पोरी?"

आता मी काळ्या प्लॅस्टिकमध्ये मागच्या ओसरीवर पडून आहे. विषारी कचऱ्याची गाडी आली की मला नेतील. ओटिसचं दुसऱ्यांदा रक्त घ्यायचं अजून राहिलंय. शेल्बी भरवताना त्याला म्हणते, "खा रे माझ्या सोन्या, एकच घास," तेव्हा तिचा आवाज कापतो. तो मला इथवर ऐकू येतो.

माझं काय व्हायचं ते होऊ दे. तुम्ही मात्र एवढं करा. कुणाच्या घरात शोभेला ठेवलेली अशी जुनी खिडकी दिसली, रंगाचे पापुद्रे सुटलेलं जुनं लाकूड दिसलं, तर आधी लेकराला लांब करा आणि मग आईला सांगा. ओळख नसली तरी सांगा, ती रागावली तरी सांगा. त्या पोटुशीचं घर कुठलं ते मला माहीत नाही, म्हणून भेटेल त्याच्या कानावर घाला. तिचं बाळ धरून उभं राहायला लागेल, त्याच्या आधी तिच्यापर्यंत हे पोचू दे.