धड राहिलेली चरवी

मी एक जुनी लाकडी चरवी आहे. आमच्या रवांडात मला इचान्सी म्हणतात. पांगाऱ्याच्या एकाच ओंडक्यातून मला कोरून काढले आहे. माझ्या अंगावर कुठे सांधा नाही, खिळा नाही आणि तडा तर नाहीच नाही. ही तड्याची गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, मित्रांनो, तेव्हा कंटाळू नका. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी मत्सरी आहे. चरवीला पोट असते, मग पोटात दुखणारच.

माझ्या मालकिणीला, मुकांकुसीला, मुलगी झाली, इकिरेझी, तेव्हा तिच्या नवऱ्याने टेकडीखालचा पांगारा तोडून आणला आणि गावातल्या कोरणाऱ्यापुढे टाकला. मुकांकुसीने माझ्यासाठी टोकदार टोपीसारखे झाकण स्वतः विणले. आमच्याकडे मुलगी सासरी निघाली की आई तिच्याबरोबर चरवी पाठवते. ती चरवी ज्या घरात जाते, त्या घरात मुलीची आईच तिच्या पाठीशी उभी आहे असे मानतात. म्हणजे माझा जन्मच मुळी वरातीसाठी होता. दूध काढून झाले की मला धूत, निखाऱ्यांवर वासाचे गवत टाकत आणि त्या धुरावर मला पालथी धरत. त्याने दूध नासत नाही, आणि खरे सांगू का, आम्हा चरव्यांना तो धूर फार आवडतो. इकिरेझी माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगायची, "ही माझ्या लग्नातली!"

मग १९९४चा तो एप्रिल आला. आमचे घर तुत्सी जमातीचे, आणि त्या दिवसांत देशभर तुत्सींना शोधून शोधून मारत होते. शेजारचेच लोक कोयते घेऊन आले. मुकांकुसीने पळता पळता मला मळ्यातल्या खड्ड्यात टाकले, ज्यात आम्ही दारूसाठी केळी पिकत घालतो, आणि वर केळीची पाने लोटली. ती दलदलीतल्या लव्हाळ्यांत लपून राहिली. तिचा नवरा, दोन मुलगे आणि इकिरेझी कुणीच उरले नाही. गाईसुद्धा त्यांनी कापून खाल्ल्या.

ती परत आली तेव्हा घराच्या जागी चार काळ्या भिंती होत्या. तिने हातांनी माती उकरून मला बाहेर काढले, सगळीकडून चाचपून पाहिले आणि म्हणाली, "तू धड आहेस." एवढेच बोलली. रडली नाही.

टेकडीवर अशाच उरलेल्या बायका होत्या. त्यांना एकत्र आणले स्पेसिओजाने. ही बाई बोलायला लागली की पलीकडच्या टेकडीवरच्या कोंबड्या उडत. दर गुरुवारी सगळ्या मुकांकुसीच्या अंगणात जमू लागल्या. बाहेरून मदत येईल तेव्हा येईल, तोवर आपणच आपले मंडळ. त्यांचा नियम साधा होता. कुणी एकटीने जेवायचे नाही, आणि ज्या घरावर छप्पर होईल त्या घराने अनाथ पोरे सांभाळायची. बायका स्वतः वर चढून कौले घालू लागल्या. आमच्याकडे बाईने छपरावर चढणे म्हणजे अब्रह्मण्यम्. शेजारचा सेबात्वारे आजोबा, ज्याचेही सगळे गोत गेले होते, खालून ओरडायचा, "अगं बायांनो, उतरा खाली! माझ्या मेलेल्या बापाला काय तोंड दाखवू मी?"

"त्यांना म्हणावं, तुम्ही या वर, आम्ही उतरतो!" स्पेसिओजा वरूनच सांगायची. आणि मग तोच म्हातारा शिडी धरून उभा राहायचा.

गुरुवारी त्या रडत. एकीने सुरुवात केली की दुसरी, मग तिसरी. मुकांकुसी रडत नसे. ती शेंगा सोलायची, पाणी द्यायची, रडणारीच्या पाठीवरून हात फिरवायची. "मुकांकुसीचं बरं आहे, ती धड आहे," असे बायका म्हणत. मी फळीवरून ऐकत असे. मला वाटे, बरोबर आहे. आम्ही दोघी धड.

मंडळाने पै पै जमवून एक गाय आणली. तिची पहिली कालवड पुढच्या विधवेला द्यायची, त्या कालवडीची तिच्या पुढच्या विधवेला, असे ठरले. आता खरी पंचाईत झाली. गाय आली, पण धार काढणार कोण? आमच्याकडे हे काम पुरुषांचे. बाई गाईखाली बसली की गाय आटते, असे आम्ही पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. अंगणभर बायका, आणि एकीलाही आचळाला कसा हात लावायचा ते माहीत नाही! सेबात्वारेचे हात तर कापत होते. गाय हंबरत होती. मी धुऊन, धूर घेऊन, तोंड उघडून वाट पाहत बसले होते.

तेवढ्यात स्पेसिओजा एका पोरीला घेऊन आली. काबातेसी तिचे नाव. एका म्हातारीने तिला रताळ्यांच्या ढिगाआड लपवून वाचवले होते. तिच्या काखेत एक चरवी होती. आईच्या जळक्या घराच्या राखेतून तिने ती काढून आणली होती. काळवंडलेली, आणि गळ्यापासून बुडापर्यंत तडकलेली.

पोरगी गाईकडे पाहून म्हणाली, "मी काढते धार."

"ए पोरी, मागं हो! गाय आटेल," सेबात्वारे म्हणाला.

"मला दादानं शिकवलंय. आटली तर त्याला जाब विचारा."

सेबात्वारे बाजूला सरकला. तिचा दादा कुठे होता ते सगळ्यांना ठाऊक होते. पोरीने मला गुडघ्यांत धरले आणि पहिली धार माझ्या तळाशी वाजली. किती दिवसांनी! मी मनात म्हटले, ये बाळा, तू माझी. आणि तिने काय केले? थोडे दूध माझ्यातून आपल्या त्या फुटक्या चरवीत ओतले. ते तड्यातून झिरपू लागले. तशी तिने तड्यावर बोट दाबून धरले आणि दूध संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्या अंगाचा तिळपापड होऊ लागला.

काबातेसी मुकांकुसीकडेच राहिली. तिच्यासोबत ती दुसरी, फुटकी चरवीही राहिली. मुकांकुसीने स्वतः बसून तिचा तडा बारीक वेताने शिवला आणि वर मेण चोळले. दूध काढायचे माझ्यात, ओतायचे माझ्यातून, उन्हाळा-पावसाळा राबायचे मी. आणि मान कुणाचा? फळीवरची उंच जागा तिची. सकाळचा पहिला धूर तिला, जिच्यात थेंबभर दूध टिकत नाही! काबातेसी तिला पुसताना गुणगुणायची. पाहुणी आली की मुकांकुसी त्या दुसरीवर हात ठेवून म्हणायची, "ही हिच्या आईची हो." माझ्याकडे पाहून एकदाही म्हणाली नाही, की ही माझ्या इकिरेझीची. काम करणारीला कोरडी भाकर आणि बसून खाणारीला तूपपोळी, दुसरे काय!

पुढे गाई वाढल्या. दुधासाठी पिवळे प्लास्टिकचे कॅन आले. तेव्हा माझ्यात काय भरले असेल? घेवडा! दुधाच्या चरवीत सुका घेवडा! मला कोपऱ्यात जमिनीवर ठेवले. माझे झाकण उंदरांनी कुरतडले. वर ती दुसरी ऐटीत धूर घेत होती, आणि मी खालून जळत होते. तिला आणखी एक तडा जावा, असे मी रोज मागत असे.

काबातेसी मोठी झाली. खालच्या दूध संकलन केंद्रात नोकरीला लागली. तिला कुणी विचारले की ती म्हणे, "मी मुकांकुसी मावशीकडे असते." कधी "माझी आई" म्हणाली नाही. तिची आई फळीवर बसली होती ना! मुकांकुसी ते ऐकून घेई आणि कामाला लागे.

न्दोली नावाच्या मुलाने मागणी घातली. स्पेसिओजाने आल्या आल्या विषय काढला.

"मुकांकुसी, पोरीबरोबर चरवी कुठली धाडणार?"

"तिच्या आईचीच."

"ती गळते गं! सासरी पहिल्याच दिवशी दूध सांडलं तर? कोपऱ्यात ती तुझी धडधाकट पडलीय की."

"ती इकिरेझीची आहे."

"इकिरेझी येणार आहे का आता?"

मुकांकुसीने घेवड्यासाठी माझ्यात हात घातला होता, तो तसाच राहिला. मग ती म्हणाली, "मी काय तिची आई नाही. मी माझी चरवी तिच्या गळ्यात कशी मारू? ती मागत नाही."

मला ओरडावेसे वाटले. दे मला! मी ज्यासाठी जन्मले तो दिवस दाराशी आला आहे, आणि मी घेवडा सांभाळत बसू? आणि वरातीत मिरवणार ती गळकी?

मागणीचा दिवस उजाडला. अंगणात दोन्हीकडची माणसे समोरासमोर बसली. आमच्याकडे मुलगी सहज देत नाहीत. आधी दोन म्हातारे शब्दांनी कुस्ती खेळतात. आमच्या बाजूने सेबात्वारे होता.

"मुलगी? कोण मुलगी?" तो म्हणाला. "आमच्याकडं मुली नाहीत. होत्या त्या सगळ्या नन झाल्या."

"मग दाराआडून हसतंय कोण?" वरपक्षाचा म्हातारा म्हणाला.

"ती शेळी. शेळी पायजे तर घेऊन जा, पण ती खाते फार."

सगळे हसले. मग मुलीच्या घरी द्यायच्या गाई वरपक्षाने कबूल केल्या आणि दूध द्यायची वेळ आली. मुकांकुसीने ती दुसरी चरवी उतरवली. मान पोरीच्या आईचा, म्हणून तड्यावर ताजे मेण लिंपून तिच्यातच दूध भरले आणि वरपक्षाच्या म्हाताऱ्याच्या हातात दिली. मी कोपऱ्यातून, उघड्या दारातून पाहत होते. म्हाताऱ्याने ती तोंडाला लावली, आणि वेताचे टाके सुटले. दूध त्याच्या मांडीवर, कोऱ्या पांढऱ्या वस्त्रावर ओघळले.

दूध सांडणे आमच्याकडे मोठा अपशकुन. तोही मागणीच्या दिवशी! दाराआड काबातेसीने दोन्ही हातांनी तोंड दाबले. मुकांकुसी जागच्या जागी उभी राहिली. वरपक्षातली एक म्हातारी उठून उभी राहू लागली. मी इतकी वर्षे जे मागत होते ते झाले होते, आणि मला आनंद झाला, अगदी खरे सांगते, खूप आनंद झाला.

पण सेबात्वारे काठी टेकत उठला. "बसा, बसा! पाव्हणं, तुम्हाला कळलं नाही व्हय? ही पोरीच्या आईची चरवी. आई तर गेली, तिला काय हात राहिलेत? म्हणून तिनं दुधानं तुमच्या मांडीवर हात ठेवलाय. म्हणतेय, माझ्या लेकीला जपा. आता बोला, आहे का नाही म्हणायची टाप?"

वरपक्षाच्या म्हाताऱ्याने ओल्या मांडीवर आपला हात ठेवला. "नाही बाबा," तो हळू म्हणाला, "एवढी टाप नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुकांकुसी आत आली. तिने मला उचलले आणि सगळा घेवडा चटईवर ओतला. मला घासले, चुलीतल्या निखाऱ्यांवर वासाचे गवत टाकले आणि मला धुरावर धरले. किती वर्षांनी! मग माझ्यात दूध भरून ती बाहेर गेली. सगळे प्याले. शेवटी काबातेसी प्याली. पिऊन झाल्यावर तिने मला खाली ठेवलेच नाही.

"ही मी सासरी नेणार," ती म्हणाली.

"अगं, तुझी..." मुकांकुसी म्हणाली.

"मुलीनं आईची चरवी न्यायची असते ना? मग तुमची द्या. इतकी वर्षं मागायची हिंमत झाली नाही. ती इकिरेझीची, मला कोण देणार, असं वाटायचं." मग तिने ती फुटकी चरवी उचलून मुकांकुसीच्या मांडीवर ठेवली. "माझी ही आई आता तुमच्याकडं राहू दे. तुम्ही दोघी एकमेकींना धरून राहा."

मुकांकुसीने त्या उसवलेल्या तड्यावर बोट ठेवले, आणि ती रडली. इतके सगळे गुरुवार जी रडली नाही, ती भर मागणीत, पाहुण्यांसमोर, हुंदके देऊन रडली. स्पेसिओजा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि बायकांना सांगत होती, "रडू द्या गं तिला. आपण कधी विचारलंच नाही हिला."

तर मित्रांनो, मी वरातीत गेले. पुढे, डोक्यावर, नवे झाकण घालून. आज मी काबातेसीच्या घरात उंच फळीवर असते. तिची लेक पाहुण्यांना सांगते, "ही आमच्या मुकांकुसी आजीची." मला जे हवे होते ते सगळे मिळाले. म्हणून तुम्हाला वाटेल, माझा मत्सर आता गेला असेल.

छे! दर एप्रिलला, गेलेल्यांच्या आठवणीसाठी, आम्ही टेकडीवर जातो. मुकांकुसी आता म्हातारी झाली आहे. ती अंगणात बसते आणि मांडीवर ती दुसरी असते. तडा पुन्हा शिवलेला. बोलता बोलता मुकांकुसीचे बोट आपोआप त्या तड्यावर जाते आणि तिथेच राहते. ते बोट पाहिले की माझ्या पोटात दुखते. माझ्यावर असे बोट ठेवून कधी कुणी बसले नाही. कुठे ठेवणार? मी धड आहे ना!

तुमच्या घरात फुटके, तडकलेले काही असेल तर ते जरूर सांभाळा. तसे सांभाळणारी माणसे मी पाहिली आहेत, त्यांच्यासारखी माणसे नाहीत. पण घरात एखादी धड चरवीही असेल. ती गळत नाही, रडत नाही, सगळ्यांचे दूध तिच्यातून जाते. तिच्यात घेवडा भरण्याआधी एकदा तिच्यावरून हात फिरवा आणि विचारा, "तू कशी आहेस गं?"