ओंडक्याच्या वाट्याची वाइन

मित्रांनो, मी म्हातारी आहे, पण आंबट झालेली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझं वय कळलं की लोकांना पहिली शंका तीच येते. मी समुद्रकाठच्या बांदोल गावामागच्या डोंगरातली तांबडी वाइन. मला चाखायचं तुमचं वय अजून लांब आहे, आणि मलाही घाई नाही. वाट पाहणं हेच माझं आयुष्यभराचं काम होतं.

आत्ता मी बाटलीत नाही. एका पेल्यात आहे. पेला पांढऱ्या चादरीच्या टेबलावर, एका रिकाम्या खुर्चीसमोर आहे. घरातली माणसं नाताळच्या प्रार्थनेला गेली आहेत. टेबल त्यांनी आवरलेलं नाही. आमच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण तसंच ठेवतात. गेलेली माणसं येऊन उरलंसुरलं खातात, असं इथे मानतात. जिवंत माणसं परत येईपर्यंत मी माझी गोष्ट सांगते.

माझा जन्म वरच्या पायरीवर झाला. इथला डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, आणि प्रत्येक पायरीला दगडी बांध आहे. सगळ्यात वरच्या पायरीवर माझ्या मालकिणीच्या, नोरीनच्या, वडिलांनी मूर्वेद्र जातीचे द्राक्षवेल लावले होते. ही द्राक्षं लहान, काळी, जाड सालीची. बाकीचे मळे तोडून होतात, लोक हातपाय धुऊन मोकळे होतात, तरी ही आपली अजून पिकतच असतात. त्या वर्षी मिस्त्राल, म्हणजे उत्तरेचा कोरडा वारा, इतका वाहिला की मणी वाटाण्याएवढेच राहिले. सगळा रस आत दाटून आला.

नोरीनच्या नवऱ्याचं नाव गास्पार जोफ्रे. तोडणीच्या दिवशी तो एक मणी चावून थुंकला.

"वरची पायरी यंदा खालच्या गोड ग्रेनाश द्राक्षांत मिसळून टाकू," तो म्हणाला. "एकटी ही कुणाच्याने पिववणार नाही."

"मिसळायची नाही," नोरीन म्हणाली. "एकटीच ठेवायची. आणि देठांसकट घालायची."

"देठांसकट? अगं, पिणाऱ्याचं तोंड आत ओढलं जाईल!"

"जाऊ दे. परत बाहेर येईल. थोडी वर्षं लागतील, एवढंच."

नोरीनने एकदा 'एवढंच' म्हटलं की पुढे कुणी बोलत नसे. घड देठांसकट हौदात पडले. नोरीनने चपला काढल्या, स्कर्ट खोचला आणि स्वतः आत उतरून तुडवायला लागली. मी आंबले, तापले, फसफसले. मग मला ओकच्या मोठ्या पिंपात ठेवलं. पिंपात मी दोन हिवाळे काढले.

लहानपणी मी कशी होते? खरं सांगते, असह्य होते. रंग शाईसारखा, पेला हलवला तर काचेला जांभळा डाग पडायचा. वास पिकलेल्या काळ्या बोरांचा, आणि त्यामागे शेळ्यांच्या गोठ्याचा. आणि तुरटपणा तर विचारू नका. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जाड होते ना, तसं. माझा तुरटपणा सालीतून आला, बियांतून आला, देठांतूनही आला, आणि तो सगळा एकदम बोलायचा.

दर डिसेंबरात बांदोलच्या धक्क्यावर सगळे मळेवाले आपापली पिंपं मांडतात आणि नवी वाइन येणाऱ्याजाणाऱ्याला चाखवतात. नोरीनने मलाही नेलं. तिचा धाकटा भाऊ बार्नाबे पहिला आला. शेजारच्या पायऱ्या त्याच्या. तो तिथे गुलाबी वाइन करतो. उन्हाळ्यात समुद्रावर येणारी माणसं ती लगेच पिऊन टाकतात. त्याने माझा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ताई, ही वाइन आहे की चामडं कमवायचं पाणी?"

"चामड्याचं पाणी तुझ्या बुटांना लाव," नोरीन म्हणाली. "फाटलेत ते."

"बूट तरी गिळतील का ही? दाजी, तुम्ही काय म्हणता?"

गास्पार दुसरीकडे पाहत म्हणाला, "मला विचारू नकोस. ती तुझ्या ताईची आहे." लोक हसले. नोरीनही हसली, पण पिंपाच्या तोटीवरचा हात तिने काढला नाही.

मला बाटल्यांत भरलं. त्या वर्षीच्या नाताळला एक गंमत झाली. आमच्याकडे जेवणाआधी फळझाडाचा एक मोठा ओंडका घरात आणतात. घरातलं सगळ्यात थोरलं आणि सगळ्यात धाकटं माणूस तो दोन टोकांनी धरून टेबलाभोवती तीन फेऱ्या मारतात. मग ओंडका शेकोटीत ठेवायचा, त्याच्यावर तीनदा वाइन ओतायची आणि पेटवायचा. त्यासाठी उकळून गोड केलेली वाइन असते. त्या वर्षी ती संपली होती.

"नोरीनताईची ओता की," बार्नाबे म्हणाला. "ओंडका तक्रार करत नाही."

सगळे खो-खो हसले. नोरीन उठली, तळघरात गेली, एक बाटली घेऊन आली आणि तीनदा ओतली. तिसऱ्यांदा ओतताना तिने धारेखाली बोट धरलं आणि ते चाटलं. क्षणभर डोळे मिटले.

"अजून नाही," ती म्हणाली.

त्या घराची ती रीतच झाली. दर नाताळला माझी एक बहीण, म्हणजे त्याच तोडणीची एक बाटली, ओंडक्यावर जायची. बार्नाबे आपला विनोद करायचा. नोरीन बोट चाटायची आणि म्हणायची, "अजून नाही." त्या थट्टेच्या आडून ती आमची परीक्षा घेत होती, हे मला लवकर कळलं. इतरांना कळलं नाही.

मित्रांनो, मग माझी मुकी वर्षं आली. माझ्या जातीच्या सगळ्यांनाच ती येतात. तरुणपणीची बोरांची चव गेली, म्हातारपणीची अजून आली नव्हती. उरला तो नुसता तुरटपणा. त्याच काळात तुलाँ शहरातल्या एका दुकानदाराने आमची एक पेटी उघडली आणि बाकीच्या पेट्या परत पाठवल्या. वाइन मेली आहे, असा निरोप आला. गास्पारने तो जेवताना सांगितला.

"झोपलेल्या माणसाला कुणी मेला म्हणतं का?" नोरीन म्हणाली. "आडवी ठेवा तिला. अंधारात. आणि त्या भिंतीजवळ हातोडा चालवू नका."

तिने आम्हाला तळघराच्या सगळ्यात आतल्या फळीवर आडवं निजवलं. आडवं ठेवलं की बूच ओलं राहतं, आकसत नाही, वारा आत शिरत नाही. तिथे ना ऊन, ना हादरा. बाहेर कितीदा छाटणी झाली, कितीदा तोडणी झाली, मला वरच्या पावलांच्या आवाजावरून कळायचं.

त्या अंधारात मी बदलत होते. माझ्यातले तुरट कण एकमेकांना धरायला लागले. धरता धरता जड झाले, आणि जड झाले तसे खाली बसले. बाटलीच्या कुशीला त्यांचा साका धरला. वर राहिले ती मी मऊ होत गेले. जांभळा रंग उतरला, विटेचा रंग आला. गोठ्याचा वास गेला. त्याच्या जागी हळूहळू वाळलेल्या आलुबुखारांचा, जुन्या खोगिराच्या चामड्याचा, पाऊस पडून गेलेल्या पाइनच्या रानातल्या अळंब्यांचा वास यायला लागला. पण हे कुणाला सांगणार? माझ्या तोंडाला बूच होतं.

एका नाताळला नोरीनने बोट चाटलं आणि 'अजून नाही' म्हणाली नाही. तिने ते पुन्हा एकदा चाटलं. मग म्हणाली, "आता फार नाही."

बदामाच्या झाडांना फुलं आली तेव्हा ती आजारी पडली. फुलं गळायच्या आत गेली.

त्यानंतर तळघरात फारसं कुणी येईना. पुढच्या नाताळला गास्पार घाईघाईने उतरला, अंधारात हाताला लागली ती माझी बहीण उचलून गेला. त्याच्या पुढच्या नाताळलाही तसंच. माझ्या त्या बहिणी पूर्ण पिकल्या होत्या, मित्रांनो. पण तळघरातून उचलून तशाच गारठलेल्या ओतल्या गेल्या. थंडीत वाइनचा वास बाहेर येत नाही. बोट धरणारंही कुणी नव्हतं. ज्याची वाट पाहण्यात नोरीनचं आयुष्य गेलं, ते लाकडाने प्यायलं आणि कुणाला पत्ता लागला नाही.

यंदा आणखी एक गोष्ट ठरली होती. वरची पायरी उपटायची. नोरीनचे म्हातारे वेल काढून तिथे गुलाबी वाइनची द्राक्षं लावायची. गास्पारचे गुडघे गेले आहेत, आणि त्या वेलांना घड थोडे लागतात. जानेवारीच्या सुरुवातीचा राजांचा सण झाला की बार्नाबे आपलं मशीन घेऊन येणार होता. गास्पारची मुलगी एस्तेल आता त्याच्याबरोबर मळा पाहते. तिला हे मान्य नव्हतं.

"बाबा, आईची पायरी आहे ती."

"आई असती तर ठेवली असती," गास्पार म्हणाला. "ती वाइन कोण पितं? ओंडका."

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण मी तळघरात.

आज सकाळी गुडघे दुखत होते म्हणून गास्पार खाली उतरला नाही. एस्तेल आली. तिने मला उचललं आणि वर नेऊन स्वयंपाकघरात ठेवलं, चुलीपासून थोड्या अंतरावर, जिथे तेलाच्या पावाची कणीक फुगत होती. दिवसभर मी तिथेच उभी होते. साका तळाशी बसला. ऊब हळूहळू आत आली, आणि मला हातपाय फुटल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी टेबलावर तीन पांढऱ्या चादरी घातल्या. खारवलेला मासा, पालक, गोगलगायी, बशीत उगवलेले गव्हाचे कोंब. एक पान जास्तीचं. गेली काही वर्षं ते नोरीनचं असतं. मग ओंडका आला, नासपतीचा. थोरला गास्पार. धाकटी एस्तेल. ती चाळिशीची आहे, पण त्या घरात तिच्यापेक्षा लहान कुणी नाही.

"बाळ, जपून हं," बार्नाबे म्हणाला. "पायावर पाडशील."

"मामा, तुमच्या पायावर पाडू का?"

तीन फेऱ्या झाल्या. गास्पारने माझं बूच काढलं. ते सहज निघालं, जणू मीच आतून ढकललं. त्याने पहिल्यांदा ओतलं. खाली निखारे होते. एकदम वाफ उठली, आणि तिच्याबरोबर मी उठले.

बार्नाबे विनोद करायला तोंड उघडून बसला होता. ते तसंच उघडं राहिलं.

गास्पारने दुसऱ्यांदा ओतायला हात वाकवला आणि थांबला. बाटली नाकाशी नेली. मग धारेखाली बोट धरलं. नोरीन धरायची तसंच. चाटलं.

बार्नाबे खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "दाजी, हा वास कसला?"

गास्पारने पेला मागितला. मला सावकाश ओतलं, साका हलू न देता, आणि मेणबत्तीसमोर धरलं. मी विटेच्या रंगाची होते आणि काठाशी सोनेरी. एस्तेलने घोट घेतला. तिचे डोळे भरले.

"बाबा, सप्टेंबरात वरच्या पायरीवरचे दगड तापतात ना, तसं वाटतंय. तुरट नाहीच."

बार्नाबेने प्यायली. परत प्यायली. "थट्टा करू नका. ही कुणाची?"

"तुझ्या ताईची," गास्पार म्हणाला. "चामडं कमवायचं पाणी."

बार्नाबेने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाला, "दाजी, खाली अजून आहेत का?"

"आहेत आतल्या फळीवर. आणि ओंडक्याला यापुढे तुझी गुलाबी."

"माझी?"

"ओंडका तक्रार करत नाही."

एस्तेल हसत सुटली. बार्नाबेही हसला, उठला, स्वतःची बाटली आणली आणि उरलेल्या दोन धारा त्याने स्वतःच्या हाताने ओंडक्यावर ओतल्या. ओंडका पेटला.

"बार्नाबे," गास्पार म्हणाला, "राजांच्या सणानंतर तू मशीन घेऊन येणार होतास ना?"

"हो. सांगितलं होतंत तुम्ही."

"ये. मशीन आणू नकोस, कात्री आण. वरच्या पायरीची छाटणी करायची आहे. माझे गुडघे चढत नाहीत, तू चढ."

"चढतो," बार्नाबे म्हणाला. "आणि तोडणीला देठं राहू द्यायची ना?"

"देठांसकट."

मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपते. तुमच्या घरात, शेतात, वर्गात माझ्यासारखं काहीतरी असेल. चिडकं, तुरट, किंवा वर्षानुवर्षं गप्प. त्याच्या मुक्या वर्षांत त्याचा निकाल लावू नका. त्याला अंधार द्या, शांतता द्या, हादरे देऊ नका. आणि बाहेर काढाल तेव्हा गारठलेलं काढून घाईने ओतून टाकू नका. थोडा वेळ चुलीजवळ ठेवा. अधूनमधून बोट बुडवून पाहणारं एक माणूस मात्र हवं. मला ते मिळालं.

चर्चला निघताना सगळ्यांनी कोट घातले. गास्पार दारातून परत फिरला. बाटलीत उरलेली मी त्याने या पेल्यात ओतली आणि पेला नोरीनच्या पानापुढे ठेवला. खुर्चीच्या पाठीवर हात टेकून थोडा उभा राहिला.

"आता," तो तिला म्हणाला.