रक्तबाबाची फळी

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात त्या दिवशी भेंडीला गिऱ्हाईक नव्हतं. सगळं गिऱ्हाईक लिंबाखाली, रक्तबाबाच्या फळीभोवती. बायका टाचा उंचावून, म्हातारे काठीवर रेलून, पोरं बैलगाडीच्या चाकांवर चढून. मे महिन्याचं ऊन नुसतं भाजून काढत होतं, पण सावलीसाठी कुणी आलं नव्हतं. सगळे चमत्कार बघायला आले होते.

उन्हाळ्यात घोळणा फुटणं आपल्याकडे नवं नाही. नाकातून रक्त आलं की डोक्यावर गार पाणी ओतायचं, कांदा हुंगायला द्यायचा आणि माणसाला उताणं पाडायचं, ही आपली घरची डॉक्टरकी. बाबानं त्यातलं उताणं पाडणं तेवढं उचललं आणि त्याला भगवी लुंगी नेसवली. महाराज कुठून टपकले ते कुणाला ठाऊक नव्हतं. विचारलं की आभाळाकडे बोट. हिंगोली जिल्हा वेगळा होऊन दोन वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याला नवा बाबा नको का?

निलम राठोड भाजीची पिशवी घेऊन निघाली होती. ती शेजारच्या गावच्या उपकेंद्रात नर्स. गर्दीत तिला ओळखीच्या मनकर्णाकाकूंचं लुगडं दिसलं आणि तिचे पाय थांबले. फळीवर काकूंचा नवरा संतराम उताणा पडला होता, मान मागं लोंबती, सदरा रक्तानं भिजलेला.

"वाह रे लाल घोड्या!" बाबा गरजत होता. "फिर माघारी! लगाम माझ्या हातात! भगता, तोंड गच्च मीट. दात उघडला की घोडा उधळला! मुखात येईल तो परसाद, गिळून टाक!"

आणि खरंच, नाकातली धार थांबली. लोकांनी टाळ्या पिटल्या. मनकर्णाकाकूंनी बाबाचे पाय धरले.

"बाई, बघितलं का?" त्या निलमला म्हणाल्या. "घरून निघाल्यापासून वाहून राहिलं होतं. बाबानं रक्त माघारी बोलावलं!"

निलम नाकाकडे बघतच नव्हती. ती संतरामच्या गळ्याकडे बघत होती. गळ्याची घाटी वर-खाली, वर-खाली. रक्त थांबलं म्हणता, मग हा माणूस एवढं काय गिळून राहिला? तिनं त्याचं मनगट धरलं. नाडी पळत होती, हात गार पडलेला, कपाळावर घाम.

"संतरामकाका, तोंड उघडा."

"खबरदार!" बाबा ओरडला. "विटाळ करू नको. मेला तर पाप तुझ्या डोक्यावर!"

"बाई, तुमी सरा बाजूला," गर्दीतून आवाज आले. "बरं होऊन राहिलं तर तुमाला काहून तकलीफ?"

निलमला अस्सा संताप आला! पण भांडायला वेळ नव्हता. तिनं काकूंचा हात ओढून संतरामच्या हातावर ठेवला.

"तुमीच बघा, काकू. बऱ्या होणाऱ्या माणसाचा हात असा ऱ्हातो का?"

काकूंनी हात दाबून बघितला, बाबाकडे पाहिलं, पुन्हा नवऱ्याकडे. बाबा संतरामचे खांदे फळीवर दाबून उभा होता. काकूंनी पदर खोचला आणि बाबाला असा ढकलला की महाराज टोमॅटोच्या पाटीत बसले.

"उठा हो धनी!"

दोघींनी मिळून संतरामला बसवलं, पुढं वाकवलं. तोंड उघडलं आणि रक्ताच्या गाठी भदाभदा मातीत पडल्या. पाठोपाठ काळीभोर उलटी झाली. बायका किंचाळल्या.

"करणी पडली! करणी!" बाबा पाटीतूनच बोलला. आपला धंदा कुठं सोडायचा!

"करणी कसली? रक्त पोटात गेलं की काळं पडतं, आन् पोटाला ते सोसत न्हाई," निलम म्हणाली. "भागवतभाऊ, तुमची ब्याटरी दाखवा."

जीपवाला भागवत पुढं आला. त्यानं उजेड मारला आणि घशाच्या मागच्या भिंतीवरून उतरणारा लाल ओघळ बघून त्याचंच तोंड उघडं राहिलं.

"नाकाची मागली वाट घशात उतरते," निलम लोकांकडे वळली. "माणसाला उताणं पाडलं की पुढचं रक्त मागं जातं. तोंड मिटायला लावलं की तुमाला दिसत न्हाई. एवढाच याचा मंतर!"

तिनं संतरामच्या नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरला. "तोंडानं श्वास घ्या. येईल ते थुंका, गिळू नका." भागवतच्या घड्याळात पंधरा मिनिटं झाली, तोवर तिनं चिमूट एकदाही सोडली नाही. पुढून थांबलं, पण घशातला ओघळ थांबला नाही. "हे आत खोलवर हाय. जीप काढा, हिंगोलीला." वाटभर तो पुढं वाकूनच बसला होता. बाबानं मधल्यामध्ये काढता पाय घेतला होता.

दवाखान्यात नाक मागून-पुढून पट्टीनं भरलं, दोन बाटल्या रक्त चढवलं. ब्लडप्रेशर दोनशे वीस! डोकं दुखत नाही, मग गोळी कशाला, म्हणून संतरामनं होळीपासून गोळ्या सोडल्या होत्या. आता नवरा-बायको दोघांनी डॉक्टरची बोलणी खाल्ली आणि माणूस वाचला.

पुढच्या बाजारी निलम त्याच फळीवर बसून स्वतःचं नाक धरून दाखवत होती. तेव्हा तिच्या तांड्यातली गोजरकाकी पुढं आली.

"निलम, महिन्यामागं याच फळीवर माझ्या मालकालाबी काळी वकारी झाली होती. बाबा म्हनला करणी पडली, आता घरी न्या. मी त्याच्या पाया पडले गं. पहाटं मालक गेला. मग ती करणी न्हवती?"

"न्हाई काकी. रक्त होतं."

गोजरकाकी रडली नाही. "तुला ठावं होतं, तर मला कुनी सांगितलं काहून न्हाई?"

संतरामच्या आधीचे तीन बाजार निलम या गर्दीच्या कडेनं, कुठं यांच्या नादी लागायचं म्हणत, भाजी घेऊन घरी गेली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून लोकहो, नीट ऐका. नाकातून रक्त आलं तर माणसाला बसवा, पुढं वाकवा, मऊ नाक पंधरा मिनिटं दाबून धरा. थांबलं नाही, भळाभळा आलं किंवा घशात उतरत राहिलं, तर दवाखाना गाठा. कुणी म्हणालं, डोळे मिटा नि तोंड मिटा, तर आधी उजेड मारून बघा. आणि बघितलं ते शेजारणीला त्याच दिवशी सांगा.