तलवाड्याची स्वच्छ हवा

पंचशीला इंग्लंडात पीएचडी करत होती. विषय, वीटभट्टीचा धूर आणि पोरांची फुप्फुसं. तो काही तिने पुस्तकातून उचलला नव्हता. तलवाड्यात अर्जुनरावांची भट्टी अंगणवाडीपासून हाकेच्या अंतरावर, आणि तिची चार वर्षांची भाची खोकून खोकून निळी पडायची. भट्टी हलवायची तर आकडे हवेत. म्हणून दिवाळीत ती गावी आली, हवा मोजायची मशीन आईच्या खिडकीत लावली आणि बजावून गेली, "माय, हिरवा दिवा विझू द्यायचा न्हाई. बाकी काही बघू नको."

दिवा एकदाही विझला नाही. आकडे रोज तिकडे पोचत होते, पण कसले आकडे! तिच्या होस्टेलपेक्षा तलवाड्याची हवा चांगली. पंचशीला चक्रावली, दोनदा फोन केला. "झ्याक चालू हाय," तिची आई जाईबाई म्हणाली. मग अभ्यासाच्या नियमाप्रमाणे हिवाळ्याचा तक्ता ग्रामपंचायतीला पाठवावा लागला. आकडे पडताळेपर्यंत मुदत मागायला हवी होती, पण नाही मागितली. अर्जुनरावांनी तोच तक्ता जोडून दुसऱ्या भट्टीची परवानगी आणली. आता विरोध कुणी करायचा? कागद खुद्द गावच्या लेकीचा.

मे महिन्यात ती घरी आली, तर खिडकी रिकामी.

"मशीन कुठंय, माय?"

जाईबाईने कौतुकाने लोखंडी कपाट उघडलं. मागून भोक पाडून वायर आत घेतलेली, आणि नव्या लुगड्यात गुंडाळलेली मशीन.

"खिडकीत लई धूर येतो बाई. एवढी महागाची चीज, खराब झाली असती म्हंजे?"

पंचशीलाने लुगडं सोडवून मशीन बाहेर काढली. रागवायचं तरी कुणावर? पोरीच्या पहिलीपासूनच्या मार्कशीटा या बाईने अशाच, याच कपाटात जपल्या होत्या. म्हणून तर पोरगी इंग्लंडात गेली.

तिने गाईडला फोन लावला. तक्ता रद्द करता येईल, ते म्हणाले, पण पुन्हा एक हिवाळा मोजायला निधी नाही. आणि परवानगी काही तिच्या पत्राने रद्द होणार नव्हती. नव्या भट्टीत कालच जाळ घातला होता.

आतल्या खोलीत भाची खोकायला लागली. थांबेचना. जाईबाई तिला मांडीवर घेऊन पाठ चोळत राहिली.

"मी लई जपली बघ तुझी मशीन," ती म्हणाली. "आता तरी पोरीचं काही होईल ना, पंचू?"

"होईल, माय," पंचशीला म्हणाली.